भाताला भट्टी

भिशीची पाळी माझी होती. पोहे-शिऱ्याला सगळ्या कंटाळल्यात असा माझा समज होता, म्हणून मी 'सुशी बेक' करायला घेतलं, म्हणजे जपानी सुशीचा ओव्हनमध्ये भाजायचा प्रकार. तळाला व्हिनेगर, साखर, मीठ लावलेला चिकट भात, त्यावर तीळ आणि नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या काळ्या पापुद्र्याचा, चुरा, वर मेयोनेजमध्ये कालवलेलं सारण. भाजलं की सगळ्यांनी मिळून चमच्यानं खोदायचं आणि नोरीच्या तुकड्यात घालून खायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फिलिपिन्समध्ये लोकांनी याचे ट्रे घरी करून विकले. सारणात खेकड्याच्या कांड्या घालतात. त्यांत खेकडा नसतोच, पांढऱ्या माशाचा लगदा असतो, पण तो विषय वेगळा. गुरुवार होता म्हणून मी मशरूम आणि मका घातला. बेळगाव बासमतीचं नाव कितीही मोठं असलं तरी तो मोकळा फुलतो, म्हणून इंद्रायणी आणला.

आणि नेमका घरचा ओव्हन बसला. ट्रे उचलून बेळगावातल्या शहापुरातली बेकरी गाठली. दिवाळी तोंडावर, भट्टीपुढं नानकटाईचे डबे घेऊन बायकांची ही रांग. भट्टीवाल्यानं झाकण उचललं.

"अक्का, भाताला भट्टी? बेड, बेड!"

कानडीत 'नको, नको' म्हणणाऱ्या त्याला कसंबसं पटवते तोवर माझ्यापुढच्या मावशी वळल्या. आमच्याच गल्लीतल्या, आमच्याच भिशीतल्या.

"काय गे हे?"

"सुशी, मावशी. जपानी."

"म्हणजे मासळी. माझी नानकटाई आत जायची हाय. देवाला दाखवायची हाय."

"मासळी नाही हो. मशरूम आहे, मका आहे."

"आणि हे काळं काय?"

इथं मी थाप मारायला हवी होती. काळे तीळ म्हटलं असतं तर जग पुढं गेलं असतं. "समुद्रातलं शेवाळ. झाडपाल्यासारखंच."

"समुद्रातलं न्हवं? मग मासळीच की."

"मावशी, मीठपण समुद्रातलंच."

"म्हणून तर उपासाला सैंधव!"

यावर काय बोलणार? मागच्या दोघी माना डोलवायला लागल्या. एकीनं तर आपला डबा माझ्या ट्रेपासून हातभर लांब सरकवला. भट्टीवाल्यानं निकाल दिला: आधी सगळी नानकटाई, मग माझा भात. दीड तास मी मैद्याच्या पोत्यावर बसून होते. वर त्यानं पैसे दोन पत्र्यांचे घेतले, का तर माझा ट्रे आडवा बसत नव्हता. नानकटाईवाल्यांना किलोचा दर आणि मला जागेचं भाडं!

संध्याकाळी सगळ्या आल्या. बातमी माझ्या आधी पोचली होती, त्यामुळं नोरीला कुणी हात लावेना. मावशींनी मात्र चमचा घेतला, वरचा खरपूस थर अलगद खरवडला, मका-मेयोनेज वाटीत घेतलं आणि म्हणाल्या, "चव बरी हाय, खरं भात कशाला? भात घरी रोज हायच की." बघता बघता सगळ्यांनी तेच केलं. पाच मिनिटांत ट्रेमध्ये नुसता पांढरा भात उरला, मधे मधे चमच्याचे ओरखडे.

गंमत म्हणजे सुशीची सुरुवातच अशी झाली. पूर्वी मासळी टिकवायला ती भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचे, आणि खाताना मासा घेऊन भात टाकून द्यायचे. मावशींनी शहापुरात बसून थेट मूळ परंपरा पाळली. हे मी त्यांना सांगितलं नाही. मासा हा शब्द निघाला असता तर खाल्लेलं त्यांनी पुन्हा पारखायला घेतलं असतं.

पण थर लावून केलेल्या पदार्थाचा वरचाच थर खायचा, ही कुठली रीत? चमचा उभा घालायला काय होतं? केकवरचं क्रीम चाटणाऱ्या पोराला आपण धपाटा घालतो आणि मोठ्या बायकांना "अजून घ्या" म्हणतो. नोरीचं पाकीट केवढ्याला पडलं ते इथं लिहीत नाही, घरात वाचणारे आहेत. व्हिनेगरचा भात घरात कुणी खाल्ला ते विचारू नका. मीच खाल्ला, दुसऱ्या दिवशीसुद्धा, लसणाच्या चटणीशी.

पुढच्या महिन्यात पाळी मावशींची. नानकटाईच असणार. प्रत्येकीवरचा पिस्ता तेवढा उचलून खायचा माझा विचार आहे.