केळ्यातून न्यूट्रॉन? नाही भो!

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. केळ्यात किरणोत्सारी पोटॅशियम असतं, त्यातून न्यूट्रॉन, म्हणजे अणुकेंद्रातले कण, सुटतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यानं त्याला काहीच अडवत नाही. आणि रोज केळं खाणाऱ्याच्या अंगात तो साठतो.

किरणोत्सारी पोटॅशियमचं खरं आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० असतो: १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन. एका केळ्यात सेकंदाला असे १५च्या आसपास अणू ऱ्हास पावतात. थापा सुरू होतात त्या यानंतर.

दहापैकी जवळपास नऊ वेळा त्या अणुकेंद्रातला एक न्यूट्रॉन जागच्या जागी प्रोटॉन बनतो. बाहेर पडतात इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो (जवळजवळ वस्तुमान नसलेला, भार नसलेला कण), मागे राहतं साधं कॅल्शियम. उरलेल्या वेळी उलटं घडतं: प्रोटॉन एक इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होतो, बहुतेकदा गॅमा किरण निघतो. न्यूट्रॉन सुटत नाही, सुटूच शकत नाही. त्याला उपटून काढायला सुमारे ७.८ एमईव्ही (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते. ऱ्हासातून मिळते जेमतेम दीड.

‘काहीच अडवत नाही’ हे तर १९३२ सालीच निकालात निघालं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स चॅडविकनं न्यूट्रॉन ओळखला तोच हायड्रोजननं भरलेल्या मेणातून उडालेल्या प्रोटॉनांवरून. हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एकटा प्रोटॉनच. न्यूट्रॉन आणि प्रोटॉनचं वस्तुमान जवळपास सारखं, न्यूट्रॉन ०.१४ टक्के जड. त्यामुळे कॅरमच्या सोंगटीसारखा तो समोरासमोरच्या टकरीत सगळा वेग हायड्रोजनला देऊन बसतो. म्हणून अणुभट्टीत त्याला रोखायला हायड्रोजन असलेलं पाणी आणि काँक्रीट असतं. नुसतं शिसं इथे कुचकामी. आणि भार शून्य असला तरी न्यूट्रॉनच्या आतले क्वार्क नावाचे छोटे कण भारित आहेत, त्यामुळे चुंबकालाही तो दाद देतो.

साठण्याचं तर बोलूच नका. मोकळा न्यूट्रॉन सरासरी १५ मिनिटांत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनोत विरतो. शरीरात शिरलाच तर त्याआधीच, क्षणार्धात, कुठल्या तरी अणूत गडप होतो. जास्तीचं पोटॅशियमही निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टर केळी कमी करायला सांगतात ते पोटॅशियममुळेच, किरणांमुळे नव्हे.

आणि भीतीच वाटत असेल, तर ठिबकच्या टाकीशेजारची म्युरेट ऑफ पोटॅश या खताची गोणी बघा. ५० किलोत सुमारे २५ किलो पोटॅशियम, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त केळ्यांएवढं. तिच्यातूनही न्यूट्रॉन येत नाहीत.