लग्न टिकल्याचा भुर्दंड

आमच्या लग्नाला २५ वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त साठ-सत्तर माणसांना जेवू घालावे आणि जेवताना जुनी गाणी लावावीत, एवढाच आमचा बेत होता. हॉल ठरला, अनामत भरली, आमरसाच्या वाट्याही मोजून झाल्या, आणि मग व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "गाण्यांचं लायसन्स काढलंय का?" माझ्याकडे मोटारीचे आहे, असे मी सांगितले. ते हसले नाहीत. "दोन काढावी लागतात. गाणं लिहिणाऱ्या-बांधणाऱ्यांच्या हक्काचं एक आणि रेकॉर्ड ज्यांच्या मालकीची, त्यांचं दुसरं."

एका गाण्याची दोन बिले पचवायला मला अख्खी संध्याकाळ लागली. तत्त्वाला माझा विरोध नव्हता. एकरकमी पैसे घेऊन हक्क लिहून देणाऱ्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बुडू नये म्हणून २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. टाळ्यांना पैसे पडत नाहीत.

शेजारच्या वकिलांनी मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले ५२वे कलम काढून धीर दिला. धार्मिक विधीत गाणी वाजवली तर हक्कभंग होत नाही, आणि वरात व लग्नाशी निगडित इतर समारंभही त्यात धरले आहेत, असे त्यांनी वाचून दाखवले. सुटलो, असे मी म्हणेपर्यंत त्यांनी पुस्तक मिटले. "पण तुमचा हा समारंभ लग्नाचा नाही, लग्न टिकल्याचा आहे. त्याचा कायद्यात उल्लेख नाही." मग भटजी बोलावून पुन्हा लग्नच लावून घ्यावे काय, असे मी घरी विचारले. "पुन्हाच लावायचं असेल, तर मी आधी दोन-चार स्थळं बघून घेते," असे सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितल्यामुळे तो पर्याय मी तिथेच सोडून दिला.

दोन्ही परवान्यांच्या शुल्काची बेरीज आमरसाच्या बिलाशी स्पर्धा करू लागली, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले आमचे मामा पेटीसह पुढे सरसावले. समोर बसून गायल्यावर रेकॉर्डच्या मालकाचा प्रश्न मिटतो, आणि गीतकार-संगीतकाराच्या निधनाला ६० वर्षे उलटली की त्यांचा हक्कही संपतो. संगीत सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर १८८५ सालीच निवर्तले. वकिलांनी मान डोलावली. मामांनी सूर लावला.

पहिले पद २० मिनिटे चालले. पाहुणे आमरस संपवून रिकाम्या वाट्या चमच्याने खरवडू लागले. तिसऱ्या पदाच्या सुरुवातीला मामांनी "वन्समोअर?" असे स्वतःच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पहिल्या पदाकडे वळले, तेव्हा इतका वेळ दारात उभे असलेले व्यवस्थापक माझ्या कानाशी आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "साहेब, लायसन्सचा अर्ज आणून देऊ का? निम्मे पैसे मी घालतो."