चोचले म्हणालात, ते निम्मं मान्य

ताई,

३१ मे ला निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मला घरात कसं चुकल्यासारखं झालं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. दर महिन्याला पेन्शन खात्यात पडणाऱ्या माणसानं ‘आता मी कोण’ म्हणून गळा काढणं हे चोचले आहेत, असं तुमचं म्हणणं. तुमचे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ५८ व्या वर्षी सुटले, ईपीएस-९५ची (भविष्य निधी खात्याच्या योजनेची) पेन्शन औषधांना पुरत नाही, म्हणून आज शाळेची व्हॅन चालवतात. आई तर अजून निवृत्त झालेलीच नाही. आणि जाताजाता टोला : ‘तहसिलीत काम करत होतात, की लोकांना हेलपाटे घालायला लावत होतात?’

पैशाचं आधी मिटवतो. तिथं तुमचं सगळं खरं. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकली आहे आणि बहुतेकांचा हिशेब १५,००० च्या वरचा पगार धरतच नाही. मी आधी लागलो म्हणून जुनी पेन्शन मिळाली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोरगा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला, त्याला ती नाही. काम तेच, कपाटही तेच. यात माझी कर्तबगारी शून्य.

आता हेलपाटे. ताई, घातले. म्हणजे घालायला लावले. वारसनोंदीसाठी आलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणताना ती बारा किलोमीटरवरून आली आहे हे मला ठाऊक असायचं. तेहतीस वर्षांत हा शब्द किती वेळा तोंडातून गेला, मोजदाद नाही. पुढची गंमत मी लेखात लिहिली नव्हती, लाज वाटली म्हणून. माझ्याच पेन्शनच्या प्रकरणात त्रुटी निघाली. सेवापुस्तकात एका जुन्या वेतनवाढीच्या नोंदीवर साहेबांची सही नव्हती. असल्या त्रुटी मी इतरांच्या प्रकरणांत आनंदानं काढलेल्या आहेत. प्रकरण जिथं अडलं होतं त्या कचेरीत गेलो, तर खिडकीतल्या मुलानं मान वर न करता सांगितलं, ‘काका, उद्या या.’ चार वेळा गेलो. गावोगावचे लोक मला भाऊसाहेब म्हणायचे, इथं मी काका झालो. खिडकीची दुसरी बाजू मी पहिल्यांदा पाहिली ती अशी. तेव्हा खुर्चीचा माज होता का, तर होता. तो गेल्याचं दुःख सांगत बसलो तर तुम्ही चोचलेच म्हणणार, आणि म्हणावंच.

पण माजाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल मी हटणार नाही. जुन्या हाती लिहिलेल्या फेरफारातलं अक्षर कुणाला लागलं नाही की वही माझ्याकडे यायची. कुठल्या गावात कुठल्या गटाचा बांध कधीपासून वादात आहे, हे मी कपाट न उघडता सांगायचो. आता सातबारा मोबाईलवर निघतो. चांगलं झालं, म्हातारीचा हेलपाटा वाचला. फक्त माझ्या डोक्यातल्या त्या चाळीस गावांचं काय करायचं, हे निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना कुणी सांगितलं नाही. (समारंभसुद्धा चौघांचा मिळून एकच. आमच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लिहून टाकलेली, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिनाअखेरीला निवृत्त होतो. आई सांगायची, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.)

तुमच्या आईबद्दल मी काय बोलणार? आमच्याकडेही तेच. उलट मी घरी बसलो आणि हिचं नुकसान झालं. अकरा ते सहा हे घर एकटीचं असायचं, त्यात मी येऊन बसलो. पहिल्याच महिन्यात दूधवाल्याचा हिशेब मी वहीत रकाने पाडून लिहायला घेतला. वही तिनं माळ्यावर टाकली आणि दुपारची भिशीच्या मैत्रिणींकडे जाऊ लागली. बाईला निवृत्ती नाही हे खरंच. माझ्या निवृत्तीनं मात्र तिची दुपार गेली.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य. बाबांच्या कष्टाचा दाखला म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘ते आजही पहाटे चारला उठून, तयार होऊन अंगणात येरझाऱ्या घालतात.’ आणि दोन ओळी खाली लिहिलंत, व्हॅन सातला निघते. ताई, मधले तीन तास कशाचे? ते पैशाचे नाहीत. चारला उठणारा ड्रायव्हर म्हणजे मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर. रात्री शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाठ टेकायची, पहाटे तीच गाडी तालुक्याला आणायची. कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या, दवाखान्याला निघालेलं कुणीतरी, सगळे त्या एका माणसाच्या उठण्यावर अवलंबून. माझा अंदाज चुकत असेल तर सांगा.

त्यांना एकदा मुक्कामाचं गाव कुठलं होतं तेवढं विचारा. आणि पेन्शनचं काही अडलं असेल, तर कागदांचे फोटो मला पाठवा. अर्ज लिहून देतो. त्यात माझा हात अजून बसलेला आहे, आणि उद्या या म्हणणार नाही.