‘ओपन सोर्सवरची साइट म्हणजे भाड्याचं घर’: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

संस्थाचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतोय. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला असल्या ओपन सोर्स सीएमएसवर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, संस्थेची साइट करू नका, असं त्याचं सांगणं. कारणं पाच: मोठ्या संस्था याला हात लावत नाहीत, कोड उघडा म्हणून साइट हॅक होते, सगळ्या साइट एकाच छापाच्या दिसतात, मराठी नीट चालत नाही, आणि अशी साइट म्हणजे भाड्याचं घर. मी गेली पंधरा वर्षं संस्थांच्या साइट करतो. तालुक्याच्या एका वाचनालयाने हा संदेश वाचून चांगली चालती साइट बंद करण्याचा विषय बैठकीत घेतला, म्हणून लिहायला बसलो.

मोठ्या संस्थांपासून सुरू करू. नासाची मुख्य साइट सप्टेंबर २०२३ पासून वर्डप्रेसवर आहे, त्याआधी ती द्रुपलवर होती. युरोपियन कमिशन द्रुपल वापरतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने आपल्या खात्यांसाठी द्रुपलवरच ‘गव्हसीएमएस’ ही सामायिक सोय उभी केली. आपल्याकडे केंद्र सरकारचं लोकसहभागाचं पोर्टल मायगव्ह द्रुपलवर आहे. एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या ‘एसथ्रीवास’ व्यवस्थेवर आपल्या जिल्ह्यांच्या सरकारी साइट चालतात, तिच्या पोटात वर्डप्रेस आहे. आणि मराठी माणसाला तर वेगळा पुरावा नकोच. मायबोली, मिसळपाव, मनोगत या मराठी संकेतस्थळांच्या दुव्यांमध्ये ‘नोड’ हा शब्द आणि पुढे आकडा तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. ती द्रुपलची खूण. मराठीतलं किती लेखन, किती वादविवाद, किती पाककृती या ओपन सोर्स पायावर जपल्या गेल्या, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

दाखले देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. व्हाइट हाउसची साइट २००९ मध्ये द्रुपलवर गेली आणि २०१७ च्या अखेरीस वर्डप्रेसवर आली. जुन्या याद्या तशाच पुढे ढकलल्या की ती अजून द्रुपलच्या खात्यात दिसते. दाखल्याबरोबर साल द्या, नाहीतर समोरचा एक चूक पकडतो आणि बाकीचं ऐकतच नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. १५ ऑक्टोबर २०१४ ला द्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नसेल तर साइटमध्ये कुणी शिरलंय असंच धरून चाला, असं द्रुपलच्या सुरक्षा पथकाने नंतर स्वतःच सांगितलं. भयंकर प्रसंग होता. पण त्रुटी जाहीर झाली तेव्हाच दुरुस्तीही हातात दिली गेली, आणि धोका केवढा हे कुणी लपवलं नाही. कोड झाकलेला असला म्हणून त्रुटी नाहीशी होत नाही. ती आहे हे तुम्हाला कळत नाही, एवढंच. हॅक झालेल्या ज्या साइट माझ्याकडे दुरुस्तीला आल्या, त्यांत बहुतेक वेळा वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं प्लगइन (साइटला जादा सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) निघालं, नाहीतर कुठून तरी उतरवलेली चोरीची थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा. वर्डप्रेस २०१३ पासून सुरक्षेची छोटी अपडेट आपोआप बसवतं. द्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, तरी अनेकांनी साइट पुढच्या आवृत्तीवर नेली नाही. सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत, देखभालीला पडतात. ते अंदाजपत्रकात धराच.

एकाच छापाचा मुद्दा थोडक्यात. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट वर्डप्रेसवर आहेत. त्या सगळ्या सारख्या दिसत असत्या तर इंटरनेट पाहवलं नसतं. छाप थीमचा असतो, सीएमएसचा नव्हे.

मराठीबाबत मात्र एक खरी अडचण आहे. संदेश लिहिणाऱ्याला ती ठाऊक असावीसं वाटत नाही. वर्डप्रेसमध्ये मराठी मथळा दिला की त्यावरूनच पानाचा पत्ता तयार होतो. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, नऊ जागा खातं आणि मर्यादा दोनशेची. म्हणून ‘सातारा जिल्ह्यातील जलसंधारण’ या मथळ्याचा पत्ता ‘सातारा-जिल्ह्यातील-जलसंध’ इथेच तुटतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा: प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या रकान्यात छोटं नाव हाताने लिहायचं. बाकी युनिकोड मजकूर, शोध, मराठीतला डॅशबोर्ड (साइट सांभाळायचा पडदा) हे सगळं आहे. मराठी ‘चालत नाही’ ती बहुतेक वेळा डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर तसाच चिकटवल्यामुळे. तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालणार नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

राहिलं भाड्याचं घर. वर म्हटलेल्या वाचनालयाची पहिली साइट एका कंपनीच्या स्वतःच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर होती. कंपनी बंद पडली. दुर्मिळ ग्रंथांची यादी मागायला गेलो तर डेटाबेस द्यायला कुणी उरलं नव्हतं. शेवटी कपाटातल्या नोंदवह्या काढून दोन कार्यकर्त्यांनी चार महिने रात्री बसून ती पुन्हा टंकली. भाड्याचं घर ते होतं. आताच्या साइटचा डेटाबेस आणि अपलोडचं फोल्डर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ग्रंथपालबाई पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात आणि नोंदवहीत तारीख टाकतात. उद्या मी काम सोडलं तरी दुसरा कुणीही वर्डप्रेस जाणणारा तोच पेन ड्राइव्ह घेऊन दुसऱ्या होस्टिंगवर तीच साइट उभी करू शकेल. बैठकीत मी तो पेन ड्राइव्ह आणि नोंदवही, दोन्ही टेबलावर ठेवणार आहे.