मुंढा, कंबर आणि दोन दिवसांचा उशीर: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. लग्नासाठी आमच्या दुकानात शिवलेल्या सुटाला तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. ‘कॅरी ग्रँटचा फोटो दाखवला होता, हातात आला आजोबांचा कोट. काखेत घट्ट, पँट बेंबीपर्यंत, वर दोन दिवस उशीर.’

उशिराचं आधी बोलतो. दोष आमचा. काजं करणारा कारागीर गावी गेला होता, पण ही आमची घरची अडचण. ऐन हळदीच्या दिवशी तुमच्या भावाला रविवार कारंजाला दोन खेपा घालाव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

मुंढ्याबद्दल, म्हणजे कोटाला बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या कापाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण त्या फोटोचा सगळा जीव मुंढ्यात आहे. तुम्ही दाखवलेला कॅरी ग्रँटचा राखाडी सूट 1959 च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या हॉलिवूडच्या सिनेमातला. त्या पिढीच्या चांगल्या कोटांचा मुंढा लहान आणि काखेजवळ वर असायचा. रेडिमेड कोटाला दहा तऱ्हेच्या अंगांवर बसायचं असतं, म्हणून तिथे मुंढा खोल कापतात. मग हात वर केला की बाही अख्खा कोट ओढते, खांदे कानाला लागतात आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा वर असला की हात हलतो, कोट जागच्या जागी राहतो. नाचणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी कळतं. हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर लंडनच्या अँडरसन अँड शेपर्ड या शिंप्यांकडून कोट शिवून घ्यायचा. लहान मुंढा आणि त्यावर भरपूर कापडाची मोकळी बाही, ही त्यांच्या कटिंगची ओळख. माझे वडील तशाच मुंढ्याचे कोट कापायचे, मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आठवतं का, ट्रायलला मी तुम्हाला हार घालतात तसे दोन्ही हात वर करायला लावले होते? कॉलर मानेवरून हलली नव्हती. मग लग्नात काख का काचली? तुम्ही टाकलेल्या फोटोत शर्टाच्या गळ्याशी थर्मल दिसतंय. डिसेंबरची रात्र, गंगापूर रोडचं उघडं लॉन, थंडी वाजणारच. ट्रायल आपण पातळ शर्टावर घेतली. आत काय घालणार, हे मी विचारायला हवं होतं. इतकी वर्षं कात्री हातात असून तो एक प्रश्न राहिला, याचं वाईट वाटतं.

आता पँट. ती बेंबीपर्यंतच शिवली आहे. अमेरिकन गायक-नट सिनात्रा घ्या, आपले दिलीपकुमार घ्या, पँट कंबरेवर चढवलेली असायची, त्यामुळे पाय लांब दिसतात. कोटाचं बटणही तिथेच, कंबरेच्या बारीक भागावर येतं. तुम्ही पँट खाली सरकवून वरून बेल्ट बांधलात, म्हणून बटणाखाली पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण उघडा पडला आणि पँटचं कापड बुटावर गोळा झालं. बेल्टसाठी लूप ठेवलेच नव्हते, बाजूला आवळायच्या पट्ट्या आहेत. त्या कशा लावायच्या हे डिलिव्हरीच्या घाईत कुणी दाखवलं नाही. तीही चूक आमच्याच खात्यात.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. त्या काळचं सुटाचं कापड मीटरला 400 ग्रॅम किंवा त्याहूनही जड असायचं. ते स्वतःच्या वजनाने सरळ पडतं. तुम्ही निवडलेलं त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तेच बरं, म्हणून मीही अडवलं नाही, पण हलकं कापड फोटोसारखं पडणार नाही, हे तेव्हा सांगितलं होतं. छातीला आकार द्यायला आत चिकटवतात ते फ्यूजिंग न लावता कॅनव्हासचं कापड हाताने टाचलंय, ते दोन-चार वेळा घातल्यावर छातीवर बसेल.

कोट फेकू नका, भाड्यानेही देऊ नका. बाहीत आणि पाठीच्या शिवणीत एक-एक इंच माया, म्हणजे सैल करायला जादा कापड, ठेवली आहे. थर्मल घालायचं असेल तर बाही सैल करून देतो. मुंढा मात्र खाली उतरवणार नाही, एकदा खाली कापलं की कापड परत येत नाही आणि कोट बिघडतो. पँट कंबरेखालीच घालायची असेल तर तुमच्यासाठी दुसरी शिवतो, कापड आमचं, शिलाई आमची. एक पैसा घेणार नाही.

येताना लग्नातले तेच बूट आणि तोच शर्ट आणा, उंची बुटावरच ठरते. सकाळी 11 नंतर कधीही या, माप मी स्वतः घेईन.