प्लॉट बघायला जावं ते चैत्रातच

भर पावसात प्लॉट बघायला जाणाऱ्याला घर बांधायचंच नसतं, हे पक्कं ध्यानात ठेवा. जमीन बघावी ती चैत्र-वैशाखात, सकाळी दहाच्या सुमारास, एजंटच्या एसी गाडीतून. तेव्हा ओढा कोरडा असतो, काळ्या मातीवर नुकताच मुरूम अंथरून रोलर फिरवलेला असतो आणि डोंगरही मुकाट उभा असतो. आषाढात ही तिन्ही मंडळी बोलायला लागतात. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या बाबांशी तर कुठल्याच महिन्यात बोलू नका. ‘पाणी कुठवर येतं?’ एवढं विचारलं की ते काठीनं लिंबाच्या बुंध्यावरची खूण दाखवतात, आणि टोकन दिलेलं असेल तर उगाच जीव खाली-वर होतो.

कागदपत्रं मात्र जरूर बघा, फक्त सगळी बघू नका. सातबाऱ्यावर मालकाचं नाव आणि बोजा, एवढ्यावर थांबायचं. त्याच उताऱ्यावर पोटखराब्याची नोंद असते. त्यात वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, आणि वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाऊलवाट, तळं, ओढा अशा सार्वजनिक वापराची, म्हणून आकारणीतून वगळलेली. ‘ब’ वर्गात बारा आर दिसले, म्हणजे जवळजवळ बारा गुंठे, तर ते लेआउटमध्ये नेमके कुठे गेले असं विचारून आलेल्या चहाची चव घालवू नका. ते क्लबहाउसखाली आहेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढायचा उद्योगही नको. त्यात ओढा जिथे वळतो, ब्रोशरमध्ये बरोबर तिथेच जॉगिंग ट्रॅक वळलेला असतो. एनए, म्हणजे बिगरशेती, झालंय ना? मग झालं तर. वापर बदलायची परवानगी मिळाली की जमिनीचा स्वभावही बदलतो, असं मानायला कुणाची हरकत नाही.

प्लॉटच्या अलीकडे रस्त्यावर एक मोरी लागेल. तीन पाइपांची, कठडे पिवळे-काळे रंगवलेले, खाली टिपूस नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यानं ती हौसेखातर बांधली असं धरून पुढे चला. ओढा रस्त्याच्या वर दिसतो, पार खाली नदीपाशी पुन्हा दिसतो, मधे तेवढा गायब. मधे तो ‘चॅनलाइज’ केलेला आहे, म्हणजे ९०० मिलिमीटरचा एक पाइप टाकून वर माती लोटलेली आहे.

इथे हिशेब करायचा मोह होईल. वरचं पाणलोट ४० हेक्टर, पाऊस तासाला ६० मिलिमीटर, त्यातलं ६० टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर मोरीशी सेकंदाला ४ घनमीटर पाणी येतं. ९०० चा सिमेंट पाइप, उतार दोनशेला एक असेल आणि तोंडाशी एकही फांदी की गादी अडकलेली नसेल, तर काठोकाठ भरून सेकंदाला १.३ घनमीटरच्या आसपास पाणी नेतो. उरलेलं पावणेतीन घनमीटर, म्हणजे दर चार सेकंदांना दहा हजार लिटरचा एक टँकर, तुमच्या पार्किंगमध्ये. एप्रिलात याच टँकरसाठी सोसायटी वर्गणी काढते, तेव्हा तक्रारीला जागा नाही. आणि तासाला ६० म्हणजे काही आभाळ फाटणं नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तोही बहुतेक दुपारनंतर.

ओढ्यापेक्षा नदीकाठ हवा असेल तर रंगांची सवय करून घ्या. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मधे अटींसह मुभा. ‘पंचवीस वर्षांतून एकदाच हो साहेब,’ असं एजंट म्हणेल, त्यावर मान डोलवा. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी चार टक्के शक्यता, आणि वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर निदान एकदा तरी घरात येण्याची शक्यता ५६ टक्के, हे गणित बँकेच्या हप्त्याच्या तक्त्यात कुठेच छापलेलं नसतं. लाल रेषेवर ती १८ टक्के होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ ला नदी ५५ फुटांच्या पुढे गेली, आणि २०२१ ला पुन्हा गेली. हवं तर भराव घालून जोतं पाच फूट उचला. घर कोरडं राहील, रस्ता पाण्यात जाईल, आणि दूध आणायला कोण पोहत जाणार एवढंच ठरवायचं उरेल.

आता माती. एजंट पायानं मुरूम उकरून दाखवेल, ‘बघा, कडक आहे.’ तो मुरूम कालच्या डंपरमधला आहे, नऊ इंच जाडीचा. त्याच्या खाली काय आहे हे कळायला जेसीबीनं दोन मीटरचा खड्डा घ्यावा लागतो, अर्ध्या तासाचं काम, म्हणूनच ते टाळायचं. खाली काळी माती निघाली तर ती उन्हाळ्यात काठी आत जाईल एवढी भेगाळते आणि पावसात पाणी पिऊन फुगते. चार मजली इमारतीच्या वजनाखाली ती थोडी तरी दबून राहते. तुमचा बैठा बंगला आणि कंपाउंडची भिंत मात्र ती सहज उचलते. घराच्या कडेची माती भिजते-वाळते, मधली आहे तशी राहते, आणि या ओढाताणीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. दार जुलैत अडकतं, मे महिन्यात सुटतं. सुतार येऊन रंधा मारून जातो, पुढच्या जुलैत परत येतो. शेजारच्या प्लॉटवरची कुंपणाची भिंत लाटेसारखी दिसत असेल तर गाडीची काच काळी करून घ्या.

या मातीची परीक्षा इतकी स्वस्त आहे की तिच्यावर विश्वासच बसत नाही. वाळवलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, दहा-दहा ग्रॅम दोन मापननळ्यांत घालायची, एकीत रॉकेल ओतायचं, दुसरीत शुद्ध पाणी, ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास थांबायचं. रॉकेलात माती फुगत नाही. रॉकेलात १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ झाली, तर फुगवटा ८० टक्के. पन्नासच्या पुढे गेला की साधा उथळ पाया विसरायचा, कठीण मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर खाली फुगा असलेले, निदान साडेतीन मीटर खोल पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे आणि जोत्याच्या बीमखाली मातीला फुगायला फट सोडायची. यात खर्च वाढतो. तो मॉड्युलर किचनला वळवा.

बँकेनं माती परीक्षणाचा अहवाल मागितलाच तर तो मागवू नका, बनवून घ्या. खऱ्या परीक्षणात बोअरमध्ये एक नळी ठेवून तिच्यावर ६३.५ किलोची हातोडी ७५ सेंटिमीटरवरून टाकतात, नळी मातीत शिरताना पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० ला किती ठोके लागले ते मोजतात, आणि हे दर दीड मीटरला पुन्हा करतात. ओळखीच्या माणसाला एवढं घामाघूम करणं बरं नव्हे. त्याच्या संगणकात शेजारच्या तालुक्यातल्या गोदामाचा अहवाल तयार असतो. फक्त गावाचं नाव सगळ्या पानांवर बदललंय ना, एवढं बघून घ्या. सातव्या पानावरच्या तळटिपेत ते हमखास राहतं. जुन्या दगडखाणीत राडारोडा भरून केलेल्या प्लॉटवर तर असा अहवाल खऱ्यापेक्षा बरा. भराव वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरनं दाबायचा असतो, आणि तिथे तो चार मीटर एका दमात ओतलेला असतो. खरा बोअर घेतला तर तीन मीटरवर कमोडचा तुकडा निघतो आणि सगळ्यांचीच पंचाईत होते.

डोंगरावरचा प्लॉट घेताना नजर दरीकडे ठेवा, मागे वळू नका. उभ्या-आडव्या मापात पाचाला एक याहून तीव्र उतारावर बांधकामाला नियमानं परवानगी नाही. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं तो दहा मिनिटांत मोजता येतो, म्हणून गवंड्याला बरोबर नेऊ नका. विजेचा खांब कलला असेल, झाडांचे बुंधे मुळाशी वाकून मग सरळ वर गेले असतील, तर फोटो चांगले येतात. माथ्यावर अर्धगोलाकार भेग असेल तर तिच्यात पावसाचं पाणी मुरतं, खालच्या कातळापर्यंत जातं आणि मधली माती त्यावरून सुटते. पायथा कापून रस्ता काढलेला असला की तिला थांबवायला काहीच नसतं. मागची दगडी भिंत बांधताना पाणी जायची भोकं ठेवली नाहीत तर ती दिसायला सुबक दिसते. दरडीखाली गेलेली गावं: माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. ‘बारमाही झरा’ असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं पाणी एका जुलैत गढूळ झालं, तर बॅगा न भरता बाहेर पडायचं असतं.

भूकंपाचं म्हणाल तर किल्लारी १९९३ च्या ३० सप्टेंबरपर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. पुढे चला.

शेवटचं काम म्हणजे ताब्याच्या दिवशीच नगरपरिषदेला द्यायचा अर्ज लिहून ठेवा. विषय: आमच्या सोसायटीत ओढ्याचे पाणी शिरल्याबाबत. सोबत जोडपत्र म्हणून ओल्या सोफ्याचा फोटो. तारखेची जागा मोकळी सोडा, आणि ‘जुलै’ असं घाईनं लिहून टाकू नका. पुण्यात २०१९ साली आंबील ओढ्याला पूर आला तो २५ सप्टेंबरला, घटस्थापना चार दिवसांवर आली असताना.