माझे आवडते चित्रपट आणि कॅमेऱ्याची जागा

आवडत्या चित्रपटांची यादी करायला बसलं की बहुतेक जण गोष्ट आणि अभिनयापासून सुरुवात करतात. माझी यादी ठरते ती कॅमेऱ्यावरून. कॅमेरा किती उंचीवर आहे, लेन्स कोणती आहे, उजेड कुठून येतोय, एवढ्यातूनच जे दिग्दर्शक अर्धं सांगून जातात, त्यांचे चित्रपट मला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात.

पहिला मान 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चा (१९५७). ९६ मिनिटं, खटल्याचा निकाल ठरवणारे बारा सामान्य नागरिक म्हणजे ज्युरी, आणि जवळजवळ सगळं एका खोलीत. याला कुणी 'चित्रित केलेलं नाटक' म्हटलं की मला राहवत नाही. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी चित्रपटाचे तीन भाग केले होते. पहिल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, दुसऱ्यात त्या पातळीला, तिसऱ्यात तिच्याखाली. त्याच वेळी लेन्सची फोकल लेंग्थ वाढत जाते, म्हणजे लेन्स दूरचं अधिकाधिक जवळ ओढून दाखवते. लांब लेन्सने दुरून घेतलेल्या शॉटमध्ये मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन टेकल्यासारखी दिसते. त्यामुळे खोली आवळत जाते आणि शेवटाकडे वर छतसुद्धा दिसायला लागतं. इमारतीबाहेरच्या शेवटच्या शॉटला पुन्हा वाइड लेन्स आहे, म्हणून तिथे एकदम मोकळं वाटतं. खात्री करायची असेल तर दहाव्या मिनिटाच्या आसपास चित्र थांबवा, मग ऐंशीव्या मिनिटाला, आणि दोन्ही चौकटींत माणसाच्या डोक्यावर काय दिसतंय ते बघा.

इथेच घरच्या टीव्हीवर घोळ होतो. या चित्रपटाची चौकट (रुंदी:उंची) १.६६:१ आहे, टीव्हीची १.७८:१. म्हणजे डावी-उजवीकडे बारीक काळ्या पट्ट्या येणारच. त्या नकोत म्हणून 'झूम' दाबलं की वर-खाली मिळून सुमारे ७ टक्के चित्र कापलं जातं. ज्या छतासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच कात्री लागते!

'टोक्यो स्टोरी'च्या (१९५३) बाबतीत नुकसान कितीतरी मोठं. त्याची चौकट १.३७:१, त्यामुळे पडदा भरायला गेलात तर जवळजवळ पाव चित्र जातं, आणि ताणलंत तर माणसं ३० टक्के रुंद होतात. दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत, बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही थोडा खाली असतो. लेन्स ५० मिलिमीटरची आणि हालचाल जवळपास शून्य. मुलांनी अडचण नको म्हणून आतामी या समुद्राकाठच्या गावच्या हॉटेलात पाठवलेले म्हातारा-म्हातारी समुद्राकाठच्या भिंतीवर बसलेत. उठताना आईचा क्षणभर तोल जातो. कॅमेरा जवळ जात नाही, संगीत चढत नाही. माझ्या मते चित्रपट-इतिहासातल्या सगळ्यात निष्ठुर आणि सगळ्यात मायेच्या जागांपैकी ही एक. सव्वादोन तासांचा हा चित्रपट तुकड्यातुकड्यांत बघू नका. माणसं नसलेले मधले शॉट, म्हणजे धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामी खोली, हे सलग बघताना काम करतात. पुढे ढकललेत तर चित्रपटाचा श्वासच जातो.

उजेडासाठी दोन नावं. 'बॅरी लिंडन'मध्ये (१९७५) दिग्दर्शक स्टॅनले कुब्रिक आणि छायालेखक जॉन अल्कॉट यांनी रात्रीचे काही प्रसंग फक्त मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले. त्यासाठी झाइस कंपनीची एफ/०.७ ची, म्हणजे खूप जास्त उजेड आत घेणारी लेन्स वापरली, जी मुळात नासासाठी बनली होती. एवढ्या उघड्या लेन्सला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, अगदी थोडी मिळते, नट थोडा पुढे झुकला तरी चेहरा धूसर होतो. म्हणून ती माणसं इतकी स्थिर बसलेली दिसतात, आणि ते स्थिर बसणं त्या सरदारी जगाला चपखल शोभतं. हे बघताना टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंदच हवा. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, शार्पनेस खाली आणा, नॉइज रिडक्शन बंद करा. नाहीतर फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातली बारीक रवाळ पोत, पुसला जाऊन चेहरे गुळगुळीत होतात आणि मेणबत्तीचा पिवळा उजेड निळसर पांढरा पडतो.

दुसरं नाव सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (१९५६). बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. वरून थेट दिवे मारले असते तर उघड्या अंगणात प्रत्येकाच्या दोन-तीन सावल्या पडल्या असत्या. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर टाकले. परतून आलेला उजेड आकाशातून झिरपल्यासारखा पसरतो. कुठल्याच सावलीला कडक धार नाही, हे एकदा लक्षात आलं की नजर तिथून हलत नाही.

आणि आपला 'कोर्ट' (२०१४). दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा दूर ठेवतात, हलवत नाहीत आणि शॉट मुद्दाम उशिरा कापतात. चित्रपटातल्या मुख्य खटल्याची सुनावणी संपली तरी चौकट तशीच राहते, पुढचा पुकारा होतो, बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायलाच नकार मिळतो. न्यायव्यवस्थेबद्दलचं भाष्य या उरलेल्या सेकंदांमध्ये आहे. हा मोबाइलवर बघण्यासारखा चित्रपट नव्हे, कारण महत्त्वाची माणसं चौकटीच्या कोपऱ्यात आणि मागच्या बाकांवर आहेत. सुट्टीपूर्वी दालनातले दिवे मालवून अंधार होतो, तेव्हा संपला समजून उठू नका. खरा शेवट त्यानंतर आहे.

या पाचही चित्रपटांना लागू असलेली एक गोष्ट म्हणजे टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग'. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, पण काम एकच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा (म्हणजे स्थिर चित्रांचा) असतो, टीव्ही मध्ये स्वतःच्या मनाच्या चौकटी घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. ते पूर्ण बंद करा. १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा पडदा असेल तर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येते. ६० हर्ट्झवर एक चौकट दोनदा, पुढची तीनदा असं करावं लागतं, म्हणून कॅमेरा संथ फिरताना बारीक हिसके जाणवतात. ते चालतील, स्मूदिंग नको.

यातलं काहीच पाहिलं नसेल तर 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'पासून सुरू करा, आणि दुसऱ्यांदा बघताना शेवटची वीस मिनिटं आवाज बंद करून बघा.